जहाजाचा कोंडवाडा

हिंसेच्या जागी शब्द ठेवणं ही मानवजातीची सर्वांत मोठी कमाई आहे, आणि त्या कमाईलाच आपण कायदा म्हणतो. अमरावतीच्या एका विधी महाविद्यालयात मी एकोणीस वर्षं शिकवते आहे आणि दरवर्षी पहिल्या तासाला हे वाक्य फळ्यावर लिहिते. पुढच्या बाकांवरची मुलं ते उतरवून घेतात. मागच्या बाकांवरची घेत नाहीत. पुढे कोर्टात वकिली चालते ती बहुतेक त्यांचीच. गेल्या पावसाळ्यात एका मंगळवारी माझ्या धाकट्या भावानं एका माणसाचा हात मोडला, तेव्हा मी चार फुटांवर उभी होते. मी ओरडले नाही, मधे पडले नाही. मी मोबाइलवर एका कराराचे फोटो काढत होते. अकरा पानं होती. अकराही काढली.

त्या दिवशी आमच्या कॉलेजात राष्ट्रीय चर्चासत्र होतं. विषय होता नौवहन कायद्यातले अलीकडचे बदल आणि जहाजांची अटक. अमरावतीहून समुद्र गाठायचा तर एक अख्खी रात्र गाडीत काढावी लागते. पण मूल्यांकन समितीला यंदा नावीन्यपूर्ण विषय हवा होता, आणि बांधाची भांडणं, वाटण्या, पोटगी हे आमचे खरे विषय आधीच्या वर्षांत होऊन गेले होते. समई लावली, ती कुलरच्या वाऱ्यानं विझली. कुलर बंद करून पुन्हा लावली, तेव्हा पाहुण्यांना घाम फुटला. घामाघूम पाहुण्यांना आम्ही लोकरीची शाल पांघरली. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं.

प्रमुख पाहुणे मुंबईचे ज्येष्ठ वकील होते. त्यांच्या परिचयाला जितका वेळ लागला तितक्यात एखादं लहान जहाज बंदराबाहेर पडलं असतं. भाषण मात्र त्यांनी चांगलं केलं. ते म्हणाले, जहाजाचा मालक एका देशात असतो, झेंडा दुसऱ्या देशाचा, कारभार पाहणारी कंपनी तिसऱ्या देशात. ज्याचं नुकसान झालं त्यानं जायचं कोणावर? म्हणून कायदा म्हणतो, जहाजालाच प्रतिवादी करा. जहाज आपल्या पाण्यात आहे तोवर कोर्ट त्याला धरून ठेवू शकतं. पूर्वी हे सगळं व्हिक्टोरिया राणीच्या काळच्या इंग्रजी कायद्यांवर चालायचं. काही वर्षांपूर्वी आपला स्वतःचा कायदा झाला. कोणत्या दाव्यासाठी जहाज धरता येतं, कोणाचा हक्क आधी, किनाऱ्यावरच्या कोणत्या उच्च न्यायालयांना अधिकार, हे त्यात लिहून आलं. आता तर व्यापारी जहाजांचे, मालवाहतुकीचे, बंदरांचे जुने कायदेही बदलले.

मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "सर, जहाजाले हातकडी कुठं लावतात?"

सभागृह हसलं. पाहुणे हसले नाहीत. वॉरंटची प्रत जहाजावर चिकटवतात, ते म्हणाले, आणि बंदराला कळवतात. मग बंदर त्याला सोडत नाही.

मी टाळ्या वाजवायला सांगितलं आणि दाराकडे पाहिलं, तर भाऊ उभा होता. चार दिवसांचा सदरा, दाढी वाढलेली, पायात एक चप्पल स्वतःची आणि एक कोणाची तरी.

भाऊ तेल्हाऱ्याजवळ शेती करतो. त्याचा एकुलता मुलगा, माझा भाचा, दोन वर्षं माझ्याकडे राहून पोलीस भरतीची तयारी करत होता. पहाटे धावायचा, दिवसभर प्रश्नपत्रिका सोडवायचा, आणि दर भरतीत छाती अर्ध्या सेंटिमीटरनं कमी भरायची. मग त्याला कोचिंग क्लासच्या गल्लीत एका सागरी अकादमीची पाटी दिसली. पाटीवर निळं जहाज आणि खाली 'समुद्र तुमची वाट पाहतोय' असं लिहिलेलं. सहा महिन्यांचा कोर्स करून तो खलाशी झाला. जाताना जो करार झाला त्यावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे. मी तो वाचला नव्हता. कायदा शिकवणारी माणसं कागद वाचत नाहीत, इतरांना वाचायला सांगतात.

शनिवारी त्याचं जहाज मुंबईच्या बाजूला बंदराला लागत असताना बांधायचा दोर तुटला. माणसाच्या मांडीइतका जाड दोर, पूर्ण ताणलेला. भाच्यानं रविवारी पनवेलच्या दवाखान्यातून फोन केला तेव्हा औषधानं त्याची जीभ जड झाली होती.

"आत्या, गोफणीवानी आला. आवाज मागून आयकू आला, दोर पयले आला. मी खाली पायलं तं बूट तिकडं दूर पडेल व्हता." मग श्वास घेऊन म्हणाला, "रिकामा नव्हता, आत्या."

उरलेला भाग डॉक्टरांनी गुडघ्याखाली कापून सारखा केला. शुद्धीवर येतो न येतो तोच कंपनीचा एक माणूस कागद घेऊन आला. सही केली की किरकोळ रक्कम मिळणार होती आणि पुढची कुठलीही मागणी बंद होणार होती. आमच्या वहिनीनं, भाच्याच्या आईनं, सलाईनचा स्टँड उचलून त्याला जिन्यापर्यंत नेऊन सोडलं. जहाज माल उतरवत होतं. बुधवारी संध्याकाळच्या भरतीला ते निघणार, हे भाच्याच्या सोबत्यानं जहाजावरून कळवलं होतं. एकदा गेलं की ते कुठल्या झेंड्याखाली, कुठल्या नावानं फिरेल, ते त्याच्या मालकालाही धड ठाऊक नसतं.

भाऊ सोमवारी पनवेलहून निघाला. अकोल्याला उतरून घरी जायचं, तर तो अकोल्याला उतरलाच नाही. सरळ अमरावतीला आला.

"त्या कॅप्टनचं हापिस कुठं हाय?" त्यानं व्हरांड्यात विचारलं. कॅप्टन म्हणजे ती अकादमी चालवणारा, ज्यानं भाच्याला जहाजावर पाठवलं तो.

"आधी पाणी पी."

"पाणी पेलो. हापिस कुठं हाय?"

"मारून काय होईल?"

"त्याले लागन."

मी म्हटलं, "जहाज थांबवता येतं."

"कोन थांबवते? पोलीस?"

"कोर्ट. जहाजावरच दावा लावायचा."

"जहाज का मानूस हाय?"

"आपल्या गावचा कोंडवाडा आठवतो?"

आमच्या गावात ग्रामपंचायतीमागे दगडी भिंतीचा कोंडवाडा होता. तुमच्या उभ्या पिकात दुसऱ्याचे बैल शिरले की ते हाकत नेऊन तिथे कोंडायचे. बैल कोणाचा, मालक गावात आहे की लेकीकडे गेलाय, ह्याची चौकशी तुम्ही करायची नाही. मालक आपोआप येई, दंड भरी, बैल नेई. आला नाही तर बैलाचा लिलाव.

"म्हंजे बैल बांधाचा," भाऊ हळूहळू म्हणाला, "अन् मालकाले हुडकत फिराचं नाई."

"अगदी तेच."

"अन् नाई आला तं जहाजाचा लिलाव?"

"हो."

चार दिवसांत पहिल्यांदा त्याच्या तोंडावर काहीतरी आलं. त्याला हसू म्हणता येणार नाही, पण त्या जातीचं होतं.

कोंडवाड्याला एक नियम होता, तो कुठल्याही कायद्यात लिहिलेला नाही. एकतर बैल कोंडा, नाहीतर मालकाला चोपा. दोन्ही करायचं नाही. मी सातवी-आठवीत असताना आमच्या शेजारच्यानं दोन्ही केलं. कपाशीत शिरलेली जोडी कोंडली, आणि मालक सोडवायला आला तेव्हा बैलगाडीच्या बाजूचा लाकडी दांडा, उभारी, काढून त्याला हाणली. पहिला फटका कानावर बसला. कान तुटून लोंबायला लागला, तसा तो माणूस एका हातानं कान धरून, दुसऱ्यानं वार अडवत कोंडवाड्याच्या भिंतीला घासत घासत खाली बसला. भिंतीवर त्याच्या डोक्याच्या उंचीपासून जमिनीपर्यंत ओल उमटली. आम्ही पोरं वडाखालून पाहत होतो. मग म्हातारी माणसं आली, त्यांनी उभारी काढून घेतली आणि पहिली गोष्ट केली ती म्हणजे कोंडवाड्याचं फाटक उघडलं. "चोप देल्ला न? मंग बैल कायचे?" तो माणूस कान धरून, बैल पुढे घालून घरी गेला. कपाशी गेली ती गेलीच. पुढे तीन वर्षं कायदा शिकले, पण दोन दाव्यांची वजावट ह्याहून स्पष्ट मला कोणी शिकवली नाही.

जेवणाच्या सुटीत मी पाहुण्यांना गाठलं. शाल खांद्यावर तशीच, हातात श्रीखंडाची वाटी. मी सांगायला लागले आणि तिसऱ्या वाक्याला त्यांनी वाटी खाली ठेवली. व्यासपीठावर जो माणूस दोन वाक्यांमध्ये चष्मा पुसत होता, त्यानं आता तीनच प्रश्न विचारले. जहाज आत्ता कुठे आहे? निघणार कधी? करार कुठे आहे?

"एक प्रत तेल्हाऱ्याला पेटीत आहे, एक अकादमीत."

"तेल्हाऱ्याला जायला वेळ नाही. चारपर्यंत मला फोटो पाठवा. बाकी आमचं ऑफिस पाहील. अंगावरच्या इजेचा हक्क जहाजावरच बसलेला असतो, मालक बदलला तरी तो उतरत नाही. फक्त जहाज हवं."

मी भावाला स्कूटीवर मागे बसवलं. तो एकटा गेला तर मारामारी करील, म्हणून मी सोबत गेले. असा माझा विचार होता.

अकादमी दुसऱ्या मजल्यावर होती. जिन्याला जाड दोराचे कठडे, भिंतीवर गाठींचे नमुने, एक मोठं लाकडी सुकाणू, आणि संचालकांच्या टेबलामागे पितळी आकड्यांवर फुलीसारखी लावलेली दोन वल्ही. संचालक पांढऱ्या गणवेशात होता, खांद्यावर चार सोनेरी पट्ट्या. मूळचा नांदगाव खंडेश्वरच्या बाजूचा, शेतकऱ्याच्याच घरचा. तीन वर्षं जहाजावर स्वयंपाकघरात काढून परत आला आणि अमरावतीत कॅप्टन झाला.

मी करार मागितला. त्यानं फाइल काढली आणि हातात देण्याऐवजी टेबलावर उघडून माझ्याकडे फिरवली. "कलम सतरा वाचा, मॅडम. खलाशाच्या निष्काळजीपणासाठी कंपनी जबाबदार नाही. पोरगा दोराच्या रेषेत उभा होता. आम्ही पहिल्याच आठवड्यात शिकवतो, ताणलेल्या दोराच्या रेषेत उभं राहायचं नाही. समुद्र चूक माफ करत नाही."

"तुमी कोन्त्या समुद्रात व्हते?" भावानं विचारलं.

"मी तीन वर्षं..."

"सैपाकघरात व्हते. मले म्हाईत हाय."

संचालकानं त्याच्याकडे दयेनं पाहिलं. मी फोन काढून पहिल्या पानाचा फोटो घेतला. त्यानं हरकत घेतली नाही, तो भावाशी बोलण्यात गुंतला होता. "भाऊ, मी समजू शकतो. पण विचार करा, दुसरा पाय शाबूत आहे. देवाचे आभार माना. सही करून टाका म्हणा पोराला."

माझं दुसरं पान झालं तेव्हा भावानं वल्हं आकड्यावरून काढलं होतं. वऱ्हाडात वल्ह्याला एवढंच काम मिळणार होतं. पहिला फटका टेबलाच्या काचेवर बसला. काच फुटली आणि फाइल सरकत माझ्याकडे आली. दुसऱ्या फटक्याला संचालकानं हात वर केला. कपाशीची वाळलेली पऱ्हाटी मोडावी तसा आवाज झाला आणि त्याचा हात कोपर आणि मनगट ह्यांच्यामधे, जिथे वाकायला जागाच नसते, तिथे वाकला. तो खुर्चीसकट मागे पडला. सोनेरी पट्ट्यांवर तिसरा. चौथा फासळीवर, आडवा, धान झोडपावं तसा, आणि प्रत्येक फटक्याबरोबर भाऊ एकच वाक्य म्हणत होता, "आभार मान. आभार मान."

मी पानं उलटत होते. काचेचे तुकडे झटकून पाचवं, सहावं. बोट कापलं, सातव्या पानाच्या फोटोत खाली उजवीकडे माझ्या रक्ताचा डाग आला आहे. तो पुढे कोर्टाच्या कागदांतही तसाच गेला. मी भावाला थांबवू शकले असते. तो माझं ऐकतो, लहानपणापासून ऐकतो. पण थांबवलं असतं तर फाइल मिटली असती. हा हिशेब मी तेव्हा केला, नंतर केलेला नाही.

अकरावं पान झालं आणि शेजारच्या वर्गातून मुलं आली. पंधरा-सोळा, सगळी पांढऱ्या गणवेशात, कमरेला पितळी बकलाचे पट्टे. त्यांनी पट्टे काढले. भावाच्या हातातलं वल्हं गेलं, मग भाऊ खाली गेला. बकल त्याच्या भुवईवर बसलं आणि कातडी डोळ्यावर लोंबली. कोणीतरी त्याच्या पोटात बुटानं लाथा घालत होतं, मोजून, कवायतीच्या ठेक्यात. तेव्हा मात्र मी ओरडले. माझं काम झालं होतं.

पोलीस ठाण्यात फौजदारानं माझं ओळखपत्र पाहिलं. "मॅडम, तुमी कायदा शिकवता?"

"हो."

"मंग मधे काऊन नाई पडल्या?"

आतल्या खोलीत कोणाला तरी पट्टा बसत होता. आवाजावरून लांबी-रुंदी कळत होती. मी बाकावर बसून पाहुण्या वकिलांना अकरा फोटो पाठवले. चारला वीस मिनिटं कमी होती.

बुधवारी सकाळी मुंबईच्या ऑफिसातून कोणीतरी पनवेलला जाऊन भाच्याच्या वकीलपत्रावर आणि प्रतिज्ञापत्रावर सह्या घेतल्या. त्यात एक हमीही होती. अटक चुकीची ठरली तर जहाजाच्या नुकसानीची भरपाई वादी देईल. वहिनीनं फोनवर विचारलं, "ताई, हे काय लिवलं? जहाजाले लागलं तं आमी भरून द्याचं?" मी म्हटलं, हो. "अन् तो सही करून राहिला. करू द्या?" मी पुन्हा हो म्हटलं. दुपारी तीन वाजता कोर्टासमोर अर्ज येणार होता.

एक वाजता फौजदारानं मला बोलावलं. संचालक आला होता, हात प्लॅस्टरमध्ये, नाक काळं-निळं, अंगात साधा सदरा. भावाला कोठडीतून काढून समोर बसवलं होतं. त्याचा उजवा डोळा पूर्ण मिटला होता.

"अजून एफआयआर केला नाई," फौजदार म्हणाला. "हत्यारानं गंभीर दुखापत आहे, लवकर जामीन नाई होनार. पन हे साहेब मिटवाले तयार आहेत. त्यांचं मुंबईत कंपनीवाल्यांशी बोलनं झालं. तुमी तिकडचा जहाजाचा अर्ज मागं घ्या, हे इकडं तक्रार देत नाई. आपसात."

"तीनच्या आधी," संचालक म्हणाला. ओठ सुजल्यामुळे 'तीन' नीट आलं नाही.

मी भावाकडे पाहिलं. मला वाटलं तो नकार देईल. त्यानं मान खाली घातली.

"ताई, सोडून दे जहाज."

"का?"

"मी हानलं न त्याले. मंग आता बैल कायचा?" त्याला खरोखर शरम वाटत होती. तुरुंगाची भीती असती तर मी ओळखली असती. चोप आणि कोंडवाडा दोन्ही मागणं म्हणजे हावरटपणा, आणि आमच्या घरात आजवर कोणी हावरटपणा केला नव्हता. संचालकही मान हलवत होता. त्याच्याही गावात कोंडवाडा होता. मारणारा आणि मार खाल्लेला, दोघं एका मतावर आले होते, फौजदारानं कोरा कागद काढला होता, आणि नव्या कायद्याबद्दल तिघांपैकी कोणीही एक अक्षर बोललं नव्हतं.

एक वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. मी पनवेलला फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. वहिनीला सांगितलं, तुझा नवरा जहाज सोड म्हणतो.

"काहून?"

भाऊ फोनकडे वाकला. "अवं, मी मारलं त्याले. हात मोडला. आता आपला हक नाई रायला."

पलीकडे दवाखान्यातली कुठलीतरी यंत्रं टिकटिकत होती.

"कोनाचं शेत खाल्लं बैलानं?" वहिनीनं विचारलं.

"म्हंजे?"

"पाय कोनाचा गेला?"

"पोराचा."

"अन् हात कोनं उचलला?"

भावानं फोनपासून तोंड मागे घेतलं.

"पोरानं कोनाले मारलं का? तो तं इथं निजून हाय. तुमी मारलं, तुमी बसा अंदर. त्याचा बैल तुमी सोडनारे कोन?" मग माझ्यासाठी, वेगळ्या आवाजात, "ताई, त्याईले जेवाले नेऊन देजा. तिखट नोका देऊ, तोंडात फुटलं असन."

फोन बंद झाला. फौजदारानं पेनचं टोपण लावलं, मग काढलं. संचालक बराच वेळ प्लॅस्टरकडे पाहत होता. त्याला मुंबईहून काय कबूल झालं होतं ते मला माहीत नाही. ते आता जाणार होतं.

"बाई बराबर बोलते," तो शेवटी म्हणाला. "शेत पोराचंच व्हतं." अमरावतीत कॅप्टन झाल्यापासून इतक्या वर्षांत त्यानं वऱ्हाडीत बोललेलं हे कदाचित पहिलं वाक्य असेल. मग तो फौजदाराकडे वळला. "लिहा माझी तक्रार."

तक्रार लिहायला दीड तास लागला. हत्यार ह्या रकान्यात काय लिहायचं ह्यावर फौजदार अडला. शेवटी 'लाकडी दांडा' लिहिलं, कारण वल्हं म्हणजे काय हे पुढे कोर्टात समजावत बसावं लागलं असतं. तक्रारदाराचा उजवा हात मोडलेला, म्हणून सही त्यानं डाव्यानं केली. भावाला पुन्हा आत नेलं. जाताना त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.

साडेतीनला मुंबईहून निरोप आला, आदेश झाला. मी बाकावर बसून फोनवर जहाजांचा नकाशा उघडला. बंदरात हिरव्या रंगाचे पन्नास-साठ बाण होते, त्यातला एक आपला. भरतीची वेळ साडेसहाची होती. पाचला मी घरी जाऊन खिचडी करून आणली, बिनतिखटाची. साडेसहा वाजले. शेजारचे दोन बाण हलले आणि नकाशाच्या डाव्या बाजूला सरकत गेले. आपला हलला नाही. पावणेसातला वकिलांच्या ऑफिसातून एक फोटो आला. गंजलेलं पांढरं दार, त्यावर चिकटपट्टीनं लावलेला कागद, चिकटपट्टीचं एक टोक सुटलेलं.

मी गजांपाशी गेले. भाऊ भिंतीला टेकून बसला होता, ताट मांडीवर.

"बांधलं काय?"

"बांधलं."

त्यानं फोटो पाहिला, एका डोळ्यानं. "एवढ्या कागदानं थांबते?"

"थांबलंय."

"आपल्या बैलाले तं दगडाची भित लागे," तो म्हणाला आणि खिचडी खायला लागला. तोंडात दात हलत होते म्हणून एका बाजूनं चावत होता.

त्यानंतर दवाखान्यात सहीचा कागद घेऊन कोणी आलं नाही. ज्या जहाजाला मालक सापडत नव्हता, त्याला गुरुवारी दुपारपर्यंत तीन सापडले, आणि तिघांचेही वकील वेगळे होते. शुक्रवारी सकाळी विमावाल्यांनी कोर्टात पूर्ण दाव्याइतकी हमी दिली. कोर्टानं ती घेतली, कागद दारावरून निघाला, आणि जहाज दुपारच्या भरतीला बंदराबाहेर पडलं. भाच्याचा दावा आता त्या हमीवर चालू आहे.

भावाचा जामीन अर्जही शुक्रवारीच होता. सरकारी वकिलांचं म्हणणं यायचं होतं. शनिवार दुसरा होता, रविवारी रविवार होता. तो सोमवारी संध्याकाळी सुटला.